नव्या वस्तीत नाटकाची संस्था रुजवताना: गाळ्यापासून तिसऱ्या घंटेपर्यंत

पुण्यात छोटं नाटक करायचं म्हटलं की पावलं ठरलेल्या ठिकाणी वळतात. सुदर्शन रंगमंच शनिवार पेठेत, भरत नाट्य मंदिर सदाशिव पेठेत, ज्योत्स्ना भोळे सभागृह हिराबागेत. नट मात्र राहतात वारजे, आंबेगाव, धायरीत, आणि नाटक बघणारी बरीच मंडळीही आता तिकडेच राहायला गेली आहेत. आम्ही आमची छोटी संस्था धायरी-नऱ्ह्याच्या बाजूला हलवली. तसंच काही तुमच्या मनात असेल, तर कुठलं काम आधी करायचं, कुठले कागद लागतात आणि कुठे पाणी मुरतं, ते इथे क्रमाने सांगतो.

असं करणारे आपण पहिले नाही. मुंबईच्या 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग केले आणि त्या शाळेचं नाव प्रायोगिक नाटकाच्या एका चळवळीला मिळालं. ती जागा सुटल्यावर संस्था माहीमच्या महापालिका शाळेत गेली. दोन्हीकडे नाट्यगृह नव्हतं, शाळेचा हॉल होता. तेव्हा 'आमच्या भागात नाट्यगृहच नाही' हे कारण फार दिवस सांगता येणार नाही.

१. एजंटला फोन करण्याआधी वस्ती फिरा

सकाळी सातला, भर दुपारी आणि रात्री साडेनऊला, असं वेगवेगळ्या वेळी फिरा. धायरीसारख्या भागात तीन वस्त्या एकमेकींना चिकटून आहेत: मूळ गावठाण, अलीकडच्या सोसायट्या आणि छोट्या कारखान्यांचे गाळे. शिवाय आसपासच्या कॉलेजांची भाड्याने राहणारी मुलं. प्रत्येक ठिकाणी शब्द वेगळ्या माणसाचा चालतो. सोसायटीत चेअरमनपेक्षा व्हॉट्सअॅप ग्रुप चालवणाऱ्या काकूंचं वजन जास्त असू शकतं. गावठाणात देवस्थानाची आणि यात्रेची कमिटी बघणारी माणसं महत्त्वाची. गाळ्याचा मालक बहुतेक वेळा गावठाणातलाच निघतो, त्यामुळे कोण कोणाचा चुलता आणि कोण कोणाचा मेहुणा हे आधी कळलेलं बरं.

गणेश मंडळाचे कार्यकर्ते, ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालय आणि जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, यांच्याकडे जागा घेण्याआधीच एकेकदा जाऊन या. काही मागायला जाऊ नका, नुसती ओळख करून घ्या. आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नका. 'आम्ही क्लास घेतो' असं सांगून जागा मिळवणाऱ्या संस्था बघितल्या आहेत. पहिल्या भांडणाच्या प्रसंगाची तालीम बाहेर ऐकू गेली की क्लासचं सोंग उघडं पडतं, आणि मग मालकाला समजावत बसावं लागतं. 'नाटकवाले आहोत' हे पहिल्याच भेटीत सांगा. दोन मालक नाही म्हणतील, तिसरा चहा मागवेल आणि शाळेत असताना आपण काय काम केलं होतं ते सांगायला लागेल.

२. जागा: चार पर्याय आणि एक पत्रा

सोसायटीचं क्लब हाऊस स्वच्छ असतं, पण तिथे वाढदिवस आधी, तुम्ही नंतर. शाळेचा हॉल रविवारी आणि संध्याकाळी मिळतो; परीक्षा आणि स्नेहसंमेलनाच्या दिवसांत विसरा. मंगल कार्यालय हा पर्याय फार कोणाला सुचत नाही. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात, त्यामुळे ते महिने कार्यालयं ओस पडलेली असतात आणि मालक बोलणी करायला राजी असतो. पावसाळ्यात तालमींपुरती जागा हवी असेल तर पंचांग उघडून मगच भाव करा.

कायमची जागा म्हणून आम्हाला गाळा सोयीचा वाटतो. छत उंच, मधे भिंती नाहीत, रात्री आजूबाजूला कोणी झोपलेलं नाही. तरी तो बघायला जाताना मेजरिंग टेप आणि वहीसोबत थोडा संशयही घेऊन जा.

उंची किमान १२ फूट हवी. त्याखाली लाइट टांगला की नटाच्या डोक्यावर चटका आणि चेहऱ्यावर सावली. मधे खांब असेल तर भाडं कितीही कमी असो, परत फिरा. वरच्या झरोक्यांतून ऊन येत असेल तर दुपारी ब्लॅकआउट मिळणार नाही; ते काळ्या कापडाने बंद केलेत तर एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली भट्टी होईल. वारा खेचणारा एक्झॉस्ट बसवायला जागा आहे का बघा.

आता पत्रा. फेब्रुवारीत गाळा बघणाऱ्याला तो शांत, प्रशस्त आणि स्वस्त दिसतो. जूनमध्ये पहिली मोठी सर आली की दोन फुटांवरचं वाक्य ऐकू येत नाही. कुजबुजीचा प्रसंग तर हातवाऱ्यांवर न्यावा लागतो. म्हणून शेजारच्या वर्कशॉपमधल्या माणसाला विचारा, 'पावसात फोनवर बोलता येतं का?' तो खरं सांगतो, मालक सांगत नाही. पत्र्याखाली रॉकवूलचा (आवाज शोषणाऱ्या, न जळणाऱ्या खनिज लोकरीचा) थर घालून आवाज कमी होतो, पण खर्च आहे, आणि तो कोणाचा हे करारात यायला हवं. थर्मोकोल लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तो झटकन पेट घेतो आणि वर तुमचे तापलेले लाइट असतात.

वीज बघताना महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तो आकडा वहीत उतरवा. १,००० वॅटचा एक पार (रंगमंचावरचा डब्यासारखा लाइट) २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर खेचतो. म्हणजे १६ अँपिअरच्या एका प्लगवर तीन पार, चौथा लावला की भार मर्यादेबाहेर जातो आणि एमसीबी कधीही पडू शकतो. आणि तो नेमका नाटकाच्या परमोच्च क्षणी पडतो, हा आमच्या प्रकाशयोजनाकाराचा सिद्धांत आहे. शक्य असेल तर एलईडी पार घ्या, भार कितीतरी कमी होतो. एक्स्टेन्शनची केबल गुंडाळी करून वापरू नका. जास्त भारावर ती आतल्या आत तापते. पूर्ण उलगडून, कडेने, टेपने चिकटवून न्या.

आणखी तीन गोष्टी: बाहेर पडायला शटरशिवाय दुसरा दरवाजा आहे का, मुलींना वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का, आणि तालीम सुटल्यावर पीएमपी किंवा रिक्षा मिळते का. तिसरी गोष्ट गौण समजाल तर दोन महिन्यांत मुली गळतील, आणि दोष त्यांच्या निष्ठेला दिला जाईल.

३. करार

'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' हे एजंट अजूनही छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्रात ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मुदत कितीही असो, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची असते. मालक कुरकुर करायला लागला तर त्याला त्याच कलमातली दुसरी बाजू सांगा: करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे ऐकल्यावर मालकाचा सूर बदलतो.

करारात या गोष्टी शब्दांत लिहून घ्या: जागेचा वापर 'नाट्यतालीम, प्रशिक्षण व सादरीकरण', भिंतीला काळा रंग आणि छताला हुक किंवा पाइप लावायला परवानगी, वीजभार वाढवायचा तर खर्च कोणाचा, जागा सोडताना ती पूर्ववत करायची म्हणजे नेमकं काय करायचं. शेवटच्या मुद्द्यावर अनामत रक्कम अडकते. आत शिरायच्या दिवशी सगळ्या भिंतींचा, फरशीचा आणि शटरचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवून ठेवा.

४. संस्थेची नोंदणी

नोंदणीशिवाय काम चालतं, पण अनुदान, देणग्या आणि संस्थेच्या नावाचं बँक खातं यांत अडतं. नेहमीचा मार्ग असा: संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सदस्य घेऊन नोंदणी, आणि त्याचबरोबर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी. त्यानंतर पॅन, मग बँक खातं.

सात नावं गोळा करताना मैत्रीच्या भीडेने कोणालाही घेऊ नका. सही करायला हाताशी असतील आणि वार्षिक सभेला येतील अशीच माणसं घ्या. कार्यकारिणीत किंवा पत्त्यात बदल झाला की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. हे अर्ज तुंबले की पुढे कोणीही वकील तोंड वाकडं करतो. म्हणूनच नोंदणीचा पत्ता भाड्याच्या गाळ्याचा देऊ नका. एखाद्या सदस्याच्या मालकीच्या घराचा द्या, त्याचं ना हरकत पत्र आणि वीजबिल जोडा. गाळा बदलेल, पत्ता बदलणार नाही.

नावाचे चार-पाच पर्याय ठेवा. 'राष्ट्रीय', 'भारतीय' असली बिरुदं अडतात. शिवाय छोट्या संस्थेला ती शोभतही नाहीत. दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं, तेव्हा पहिल्या दिवसापासून पावतीपुस्तक ठेवा. देणगीदाराला आयकरातली ८०जी ची सवलत द्यायची तर त्यासाठी आयकर खात्याची वेगळी नोंदणी लागते, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर त्याला सवलत मिळत नाही.

५. संहिता आणि परवाने

लेखकाची लेखी परवानगी सगळ्यात आधी. भारतात साहित्यकृतीचा कॉपीराइट लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो, त्यामुळे 'जुनं नाटक आहे, कोण विचारतंय' हे चालत नाही, वारस विचारतात. हौशी मंडळाने बिनपैशाच्या प्रेक्षकांसमोर प्रयोग केला तर कायद्यात सूट आहे, ती सांगून लोक लेखकाला कळवायचंच टाळतात. सूट असली तरी पत्र लिहा, मानधनाचा आकडा ठरवा. लेखक पुण्यातला असेल तर तो तालमीलाही येतो, हा फायदा वेगळाच. नाटकात सिनेमाची गाणी वाजवणार असाल तर आयपीआरएस आणि पीपीएल या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचा परवाना हा स्वतंत्र विषय आहे. छोट्या संस्थेने सरळ एखाद्या ओळखीच्या संगीतकाराकडून नवं पार्श्वसंगीत करून घ्यावं.

मग सेन्सॉर. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. मंडळ मुंबईत आहे. तालमीत सुधारत जाणारी नाटकं करणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण कागदावरची संहिता आणि मंचावरची संहिता एकच असायला हवी. अशा वेळी प्रयोगाची तारीख जाहीर करण्याआधी संहिता गोठवा आणि मगच पाठवा. प्रमाणपत्राची वाट बघत छापलेली पोस्टर्स घरात पडून राहिलेली आम्ही पाहिली आहेत.

राहिला गाळ्यातला प्रयोग. तिकीट लावून तिथे नियमित प्रयोग केलेत की ती सार्वजनिक करमणुकीची जागा ठरते आणि तिला पोलिसांचा परवाना लागतो. अग्निसुरक्षा, दरवाजे, वायरिंग सगळं तपासलं जातं. माझं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्ष गाळ्यात तालमी, वाचनं आणि निमंत्रितांसाठी रंगीत तालीम एवढंच करा, तिकिटाचे प्रयोग परवाना असलेल्या सभागृहात लावा. वस्ती तुम्हाला ओळखायला लागली की परवान्याचं मनावर घ्या. साठ खुर्च्यांची सोय करून दुसरा दरवाजा नाही, हा धोका कुठल्याही कलेसाठी पत्करू नका. एबीसी पावडरचं अग्निशामक आजच आणून ठेवा. विजेच्या आगीवर पाणी मारायचं नसतं हे प्रत्येक नटाला सांगा.

६. शेजार सांभाळणं

नव्या वस्तीत नाटकाचा दर्जा फार उशिरा बघितला जातो. आधी बघितली जाते तुमची पार्किंगची पद्धत. आमच्या शेजारी पावडर कोटिंगचं वर्कशॉप होतं, त्यांचा टेम्पो संध्याकाळी सातला माल घेऊन निघायचा. आमची मंडळी साडेसहाला यायची आणि दुचाक्या शटरसमोर आडव्या लागायच्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, आतून कोणीतरी 'एक मिनिट, सीन चालू आहे' म्हणायचं. त्यावरून जे ऐकून घ्यावं लागलं ते कुठल्याच सेन्सॉरमधून पास झालं नसतं. शेवटी खडूने फरशीवर रेघ मारली, रेघेच्या आत एकही गाडी नाही, आणि लावलीच तर त्या दिवशीचा सगळ्यांचा चहा त्याच्याकडून. त्याच टेम्पोतून पुढे आमच्या लेव्हल्स (नेपथ्यातले चौथरे) सभागृहापर्यंत गेल्या, फक्त डिझेलच्या पैशांत.

आवाजाचे आकडे पाठ असू द्या. रहिवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. शाळा, रुग्णालय, न्यायालयाच्या १०० मीटर परिसरात शांतता क्षेत्र असू शकतं. बंद सभागृहाला आतल्या आत थोडी मोकळीक आहे, पण पत्र्याचा गाळा म्हणजे बंद सभागृह असा युक्तिवाद चौकीत करू नका. दहाला स्पीकर बंद, साडेदहाला शटर खाली, हा नियम स्वतःच घाला आणि शेजाऱ्यांना आधीच सांगून टाका.

ढोल, गोळीबार, किंकाळी असलेला प्रसंग बसवायचा असेल त्या दिवशी सोसायटीच्या वॉचमनला आधी कळवा. विनोद वाटेल, पण 'बाईच्या ओरडण्याचा आवाज येतोय' म्हणून पोलिसांना फोन जाणं अगदी स्वाभाविक आहे, आणि फोन करणाऱ्याचं कौतुकच करायला हवं.

७. पहिला कार्यक्रम नाटकाचा नको

इथे बहुतेक संस्था घाई करतात. नवी जागा मिळाली की आपलं सगळ्यात धाडसी नाटक काढतात, समोर पेठेतले तेच वीस मित्र बसतात आणि वस्ती बाहेरच राहते.

आधी नाट्यवाचन करा. खर्च जवळपास नाही, चुकलं तरी फार दिसत नाही आणि ज्येष्ठ नागरिक संघाची मंडळी हमखास येतात. त्यांतल्या एक-दोघांना वाचायलाच बसवा. सत्तरीच्या एखाद्या आजोबांनी हौशी रंगभूमीवर काम केलेलं असतं आणि त्यांचा आवाज तुमच्या नायकापेक्षा खणखणीत निघतो. मग एप्रिल-मे महिन्यांत मुलांचं शिबिर. पालकांचं लेखी संमतीपत्र, आपत्कालीन फोन नंबर आणि शिबिरात पूर्ण वेळ हजर असलेल्या दोन मोठ्या व्यक्ती, याशिवाय सुरू करू नका. शिबिराच्या शेवटी मुलांचं नाटुकलं होतं, तेव्हा आई-वडील, आजी-आजोबा, शेजारी सगळे पहिल्यांदा तुमच्या जागेत येतात. आमचा पुढचा प्रेक्षक मुख्यतः या दिवसाने दिला.

गणेश मंडळ बोलावणारच. जा, पण पंधरा-वीस मिनिटांचं, उघड्यावर चालेल असं काहीतरी घेऊन जा. मागे आरतीची तयारी चालू, पुढे लहान मुलं धावताहेत, अशा ठिकाणी शांततेवर उभं असलेलं नाटक नेऊ नका. स्टेजवर कोणाचे फोटो आणि कोणाचे बॅनर लागणार हे आधी विचारून घ्या, म्हणजे एका पक्षाचे म्हणून शिक्का बसणार नाही.

८. तिकीट

नाटक फुकट दाखवू नका. वाचन फुकट, शिबिराचं नाटुकलं फुकट, पण नाटकाला पन्नास रुपये तरी लावा. फुकटाला 'येतो' म्हणणारे शंभर, येणारे पंधरा. पन्नास रुपये दिलेला माणूस पावसातही येतो.

हिशेब आधी कागदावर करा. समजा साठ खुर्च्या आणि २०० रुपये तिकीट: भरलं तर १२,००० रुपये. अर्धंच भरेल असं धरून ६,००० मध्ये सभागृहाचं भाडं, टेम्पो, लाइट, लेखकाचं मानधन आणि चहा-वडापाव बसतं का बघा. बसत नसेल तर नेपथ्य कमी करा, तिकीट वाढवू नका. नाट्यप्रयोगाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. पैसे संस्थेच्या खात्याच्या क्यूआर कोडवरच घ्या. खजिनदाराच्या वैयक्तिक कोडवर घेतलेत की आज सोय होते आणि मार्चअखेर सीए हैराण होतो.

९. तारखा आणि वेळा

सिंहगड रस्त्याच्या बाजूला रविवारी संध्याकाळचा प्रयोग लावाल तर गड आणि खडकवासल्याहून परतणाऱ्या गर्दीत प्रेक्षक आणि नट दोघेही अडकतील. रविवारी सकाळी अकरा किंवा शनिवारी रात्री आठ, या वेळा आमच्याकडे चालल्या. पालखी पुण्यात असतानाचे दिवस, गणपती, दहावी-बारावीच्या परीक्षा आणि महाशिवरात्रीला धायरीच्या धारेश्वराची यात्रा, हे सगळं सोडून कॅलेंडर बांधा. पुण्यातल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, गाळ्यांचा भाग तेव्हा शांत असतो. पण महावितरणची दुरुस्तीही गुरुवारीच निघते, तेव्हा दिवसाची तांत्रिक तालीम त्या दिवशी ठेवू नका.

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन, विष्णुदास भावे यांच्या १८४३ च्या सांगलीतल्या प्रयोगाची आठवण. जागेचं नटराजपूजन त्या दिवशी ठेवलंत तर शेजाऱ्यांना बोलवायला निमित्त मिळतं. नारळ पावडर कोटिंगवाल्यांच्या हस्ते फोडा.

१०. फाइलमध्ये आणि पेटीत काय हवं

फाइल: नोंदणीकृत करार, मालकाचं ना हरकत पत्र, वीजबिल, संस्थेची दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रं, घटना व नियमावली, पॅन, कार्यकारिणीचे ठराव, लेखकाचं परवानगीपत्र, सेन्सॉर प्रमाणपत्र, सभागृहाची पावती, पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच. पोच म्हणजे शिक्का आणि आवक क्रमांक असलेली प्रत. 'साहेबांना सांगितलंय' ही पोच नव्हे. सगळ्याचे स्कॅन दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

पेटी: टेस्टर, इन्सुलेशन टेप, रंगीत मार्किंग टेप, जास्तीचे फ्यूज आणि प्लग, हातमोजे, दोरी, सेफ्टी पिना, खडू, प्रथमोपचाराचं साहित्य, दोन टॉर्च आणि गाळ्याच्या कुलपाची जास्तीची किल्ली. ही किल्ली संस्थेतल्या कोणाकडे न ठेवता कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे ठेवा. तो सगळ्यांच्या आधी येतो आणि सगळ्यांच्या नंतर जातो.